नेमकं तेव्हाच! ऑलिंपिक बघताना तुमच्याकडे काय आडवं आलं?

१ ऑगस्ट २०२४, गुरुवार, दुपारचा एक. पॅरिस ऑलिंपिक, स्वप्नील कुसाळेची रायफल नेमबाजीची फायनल. मी ऑफिसला पोट बिघडल्याचं कळवून घरी. आई दिवाणावर, पुढ्यात गवारीच्या शेंगा.

पहिल्या पाच मिनिटांत आईचा प्रश्न आला, "हे सगळे बदकासारखे का चालतात गं? गुडघे धरलेत का यांचे?" म्हटलं, अगं, त्यांचे ते कपडेच पुठ्ठ्यासारखे कडक असतात, शरीर हलू नये म्हणून. "मग घामोळं येत असेल," इति आई, आणि शेंगा मोडणं पुढे सुरू.

खेळ असा: आधी गुडघ्यावर बसून पंधरा गोळ्या, मग आडवं पडून पंधरा, मग उभ्याने. उभ्याने दहा झाल्या की तळाचे दोघं बाद, आणि तिथून पुढे दर गोळीला एकेक जण घरी. थोडक्यात संगीत खुर्ची. हे सांगितल्यावर आईला सगळं कळलं आणि ती माझ्यापेक्षा जास्त गुंतली. स्वप्नील सुरुवातीला मागे होता, हळूहळू वर सरकत होता. चौघं उरले. म्हणजे या गोळीला जो जाईल तो चौथा, हात हलवत परत.

बेल वाजली. सिलिंडर. "मॅडम, ओटीपी सांगा."

ओटीपी आईच्या मोबाईलवर. मोबाईल आतल्या खोलीत चार्जिंगला. त्यात विम्यापासून वीजबिलापर्यंत शंभर मेसेज. मी तो आकडा शोधेपर्यंत बाहेरून आईची आरोळी, "राहिला गं राहिला!" धावत आले तर पडद्यावर ४५१.४ आणि ब्राँझ. ती गोळी मी आजतागायत फक्त रिप्लेमध्ये पाहिली आहे. सिलिंडरवाला दारातूनच वाकून बघत म्हणाला, "कुसाळे ना? आमच्या राधानगरीकडचाच." मग तो आत आला, पाणी प्यायला, तिघांनी मिळून पदक समारंभ बघितला, आणि रिकामं सिलिंडर आमच्याकडेच विसरून गेला.

आईचं शेवटचं वाक्य: "रेल्वेत टीसी आहे ना हा? मग आता तिकिटं कोण तपासणार?"

तर मंडळी, तुमचं काय? चार वर्षांतून एकदा येणारी गोष्ट, आणि नेमक्या त्या दहा सेकंदांत आडवं आलेलं काहीतरी. फक्त पॅरिसचंच हवं असं नाही, जुनंही चालेल. येऊ द्या.

बदलापूरवाला

नीरजची भालाफेकीची फायनल. ८ ऑगस्टची रात्र, मी सेकंड शिफ्ट करून लोकलमध्ये. मोबाईलची बॅटरी ९ टक्के. दिवा स्टेशनपर्यंत सहा जण मला चिकटून उभे, त्यातला एकही ओळखीचा नाही. एकाने पॉवर बँक दिली, पण तिची केबल वेगळी.

पाकिस्तानच्या नदीमने दुसऱ्या फेकीत ९२.९७ मीटर टाकला तेव्हा डब्यात शांतता. दारातला एक जण ओरडून विचारतोय, "किती? किती?" मी म्हटलं, ब्याण्णव सत्त्याण्णव. तो म्हणाला, "बारावीला पडले नव्हते हो एवढे!" त्यानंतर नीरजचा ८९.४५. टोकियोला ८७.५८ वर सोनं मिळालं होतं, हे मी सगळ्यांना सांगितलं, जणू त्याने फरक पडणार होता. बाकीच्या पाचही फेकी फाऊल. प्रत्येक फाऊलला डबा एकसुरात "अरे यार". शेवटच्या फेकीला नीरज धावायला लागला, आणि फोन गेला. बंद. काळा पडदा आणि त्यात आमचे सात चेहरे.

त्या काळ्या पडद्याकडेही आम्ही दोन-तीन सेकंद बघत उभे होतो.

सासुरवाशीण

माझा धागा थोडा वेगळा, कारण आडवं माणूसच आलं. सासरे. त्यांना प्रत्येक खेळातलं कळतं. डायव्हिंगला "पाणी उडालं, गेला", जिम्नॅस्टिक्सला "पाय वाकला". चहा गाळताना ओट्यावर निम्मा सांडणारा माणूस सिमोन बाइल्सचे गुण कापतो.

पण ९ ऑगस्टला आजेसासूबाईंनी सगळ्यांवर कडी केली. त्या दिवशी नागपंचमी. पुरणाची दिंडं खाऊन सगळे सुस्त, टीव्हीवर ब्रेकिंग, म्हणजे ब्रेकडान्सची स्पर्धा सुरू. ऑस्ट्रेलियाची ती रेगन जमिनीवर आडवी होऊन वळवळायला लागली. आजी चष्मा सावरून बराच वेळ बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "सण त्यांच्याकडेही पाळतात वाटतं."

नंतर तिने कांगारूसारख्या उड्या मारल्या तेव्हा म्हणाल्या, "आमच्या मंगळागौरीत हिला कुणी दुसऱ्या खेळाला उभं केलं नसतं." तिन्ही लढती बाई १८-० ने हरली. हसून हसून मुलाने हातातलं ताक गादीवर सांडलं. ती गादी पावसात वाळायला आठ दिवस लागले. ऑलिंपिक संपलं, वास राहिला.

ठाण्याचा खवय्या

४ ऑगस्ट. रविवार, वर आषाढी अमावस्या, म्हणजे गटारी. मटणाच्या रांगेत मी सकाळी साडेसातला, घरी पोचलो साडेदहाला. दीड वाजता हॉकीची क्वार्टर फायनल, समोर ग्रेट ब्रिटन. सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड. उरलेली सगळी मॅच दहा जणांत. १-१, मग शूटआऊट.

आता आमचं दुखणं सांगतो. आम्ही बघतो मोबाईलवरून टीव्हीवर टाकून. वरच्या मजल्यावरचे बघतात थेट केबलवर. आमचं चित्र अर्धा मिनिट मागे. म्हणजे आमच्याकडे इंग्लंडवाला चेंडूवर वाकलेला असतो आणि वरून "श्रीजेऽऽश!" अशी गर्जना येऊन पंखा हलतो. पुढचं बघायचं ते पंचांगात भविष्य वाचून झाल्यासारखं. बायको म्हणाली वर जाऊन सांग. गेलो. त्यांनी दार उघडलं, हातात तंगडी दिली, बसवून घेतलं. ४-२ ने जिंकलो ते मी वरच बघितलं. खाली बायको अजून अर्धा मिनिट मागेच होती. त्यावरून जे झालं ते इथे लिहीत नाही.

बीडवाला, सध्या छत्रपती संभाजीनगर

अविनाश साबळेची स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीची फायनल. आष्टी तालुक्यातलं मांडवा माझ्या मामाच्या गावापासून लांब नाही. तिकडे पाण्याचा टँकर हे नेहमीचं चित्र, आणि हा माणूस जो खेळ खेळतो त्यात सात वेळा पाण्यात उडी. माझा मामा हे प्रत्येकाला सांगतो, वर पुस्ती जोडतो, "सराव कुठं केला असंल त्यानं पाण्याचा?"

तीन हजार मीटर, अठ्ठावीस अडथळे, सात पाणउड्या, आणि या शर्यतीच्या फायनलला पोचलेला पहिला भारतीय पुरुष. आपल्याकडे रात्री एक वाजून तेरा मिनिटांनी. मी दहाला जेवलो, अकराला चहा, बाराला चहा. साडेबाराला तोंडावर पाणी मारलं. एकला खुर्ची टीव्हीजवळ ओढली. मुद्दाम कडक खुर्ची घेतली, सोफा नको म्हणून.

डोळे उघडले तेव्हा चार वाजले होते आणि पडद्यावर कुणीतरी कुणाचीतरी मुलाखत घेत होतं. मान वाकडी. मामाचे तीन मिस्ड कॉल. सकाळी त्याला सांगितलं, काय पळाला! अकरावा आला, पण पळाला. ते अकरावा मी पेपरात वाचलं होतं. मामा म्हणाला, "पहिल्या उडीला कसा होता पुढं?" मी म्हटलं, लय भारी. मामाला अजून माहीत नाही. इथे तो वाचत नाही, म्हणून लिहिलं.

नाशिकची सुलोचना-बिलोचना कुणी नाही

मला कुस्तीतल्या विनेश फोगाटचं लिहायचंय. विनोदी नाही, चालेल ना?

६ ऑगस्टला तिने सुसाकीला हरवलं. टोकियोला एकही गुण न देता सोनं जिंकलेली ती जपानी मुलगी. शेवटच्या काही सेकंदांत उलटवली मॅच. मी आणि माझी मुलगी पलंगावर उभ्या राहून नाचलो. रात्री पुऱ्या केल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी बँकेत रांगेत होते, पुढच्या बाईने मोबाईल दाखवला. वजन जास्त भरलं, बाद. किती, तर शंभर ग्रॅम.

तिथपर्यंत दुःख होतं. वैताग संध्याकाळी सुरू झाला. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर ज्यांना स्वतःचा रक्तदाब सांभाळता येत नाही ते सगळे आहारतज्ज्ञ झाले. "केस कापायचे ना सरळ." अहो, कापले होते केस. रात्रभर दोरीवरच्या उड्या, सायकल, घाम काढणं, सगळं करून झालं होतं. एका भाऊजींनी तर "नियोजन हवं" असं लिहिलं. हे तेच, ज्यांच्या लेकीच्या लग्नात जेवण साडेतीनला संपलं होतं.

तिसऱ्या दिवशी वाण्याकडे गेले. त्याने शेंगदाणे काट्यावर टाकले, जरा जास्त झाले, सवयीने मूठभर परत पोत्यात टाकले. मी त्या मुठीकडे बघत राहिले. तेवढंच असेल बहुतेक. तो म्हणाला, "ताई, बरोबर केलंय हो, बघा काटा."

गिरगावकर, निवृत्त

आमच्या वेळचं सांगतो. १९८४, लॉस एंजेलिस. चाळीत टीव्ही दोन घरांत, पण माझी भिस्त रेडिओवर. उषाची चारशे मीटर अडथळ्यांची फायनल झाली आहे एवढं उडत उडत कळलं होतं, निकाल बातम्यांत येणार. मी दाढीचा फेस तोंडाला लावून रेडिओला कान लावून बसलेलो. बातमी सुरू झाली, "पी. टी. उषा हिला..." आणि शेजारच्या काकूंनी मिक्सर सुरू केला. ज्यांनी रेडिओ ऐकला आहे त्यांना माहीत आहे, मिक्सर भिंतीपलीकडे लागला तरी रेडिओ खर्रर्र करतो. त्या खरखरीतून मला फक्त "शतांश" एवढा शब्द ऐकू आला.

मी गॅलरीत जाऊन ओरडलो, "काकू, बंद करा!" त्यांना वाटलं शॉर्टसर्किट. त्यांनी मेन स्विचच खाली ओढला, अर्ध्या मजल्याची वीज गेली. समोरच्या भाऊंनी सांगितलं, चौथी. ५५.४२. तिसरी ५५.४१. काकूंना हे कळल्यावर त्या गप्पच झाल्या. संध्याकाळी वाटीभर खोबऱ्याची चटणी पाठवली. मिक्सरमध्ये तीच होती.

कऱ्हाडचा पाहुणा

गिरगावकर काका, चटणी _/\_

आमच्याकडे ऑलिंपिक म्हटलं की आजोबा १९५२ वर जातात. हेलसिंकी, खाशाबा जाधव, गोळेश्वर. स्वप्नीलची फायनल सुरू असताना मी बघतोय रायफल, आणि कानात चालू आहे की कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण टाकून पैसे उभे केले, आणि खाशाबा परत आले तेव्हा स्टेशनावर शंभरावर बैलगाड्या. हे मी लहानपणापासून ऐकतोय. दर वेळी आजोबांच्या गोष्टीत एक-दोन गाड्या वाढतात. ऐन शेवटच्या गोळ्यांना त्यांनी रिमोट माझ्या हातातून घेतला आणि आवाज बंद केला. का, तर "ऐक, मी काय सांगतोय."

पदक मिळाल्याचं मूक चित्रात कळलं. मग आजोबांनीच विचारलं, "काय झालं रं?" सांगितलं. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कोल्हापूरचंच की." आणि आवाज चालू केला.

एडिसन, न्यू जर्सी

आम्हाला कुणी विचारू नका. इथे संध्याकाळी चॅनेलवाले जे दाखवतात ते दुपारीच होऊन गेलेलं असतं, आणि त्यात आपला माणूस शोधावा लागतो. स्टीपलचेसला इथला केनेथ रूक्स शेवटच्या फेरीत अचानक पुढे घुसला, रौप्य घेऊन गेला, कॅमेरा त्याच्यावरून हलेना. मी साबळेला फक्त एकदा पाहिलं, कडेला, निम्मा. (बीडवाले, निदान तुमच्या मामाला सांगायला एवढं तरी माझ्याकडून घ्या.)

खरा घात आईने केला. मी सगळे ग्रुप म्यूट करून, बातम्या न बघता, संध्याकाळपर्यंत नीरजची फायनल राखून ठेवली होती. आईला बजावलं होतं, निकाल सांगू नकोस. तिने सांगितला नाही. फोन करून एवढंच म्हणाली, "तू बघ हो निवांत. पण फार मनाला लावून घेऊ नकोस."

बाबांचा मुलगा, पुणे

तो तुर्की नेमबाज, युसुफ दिकेच, साधा टीशर्ट, एक हात खिशात, रौप्य. आमचे बाबा त्या फोटोने झपाटले. तेव्हापासून डासांची रॅकेट ते तशीच धरतात. डावा हात लेंग्याच्या खिशात, उजवा सरळ, एक डोळा मिटून. डास येईपर्यंत हलत नाहीत. आई म्हणते, "अहो, पाठीवर बसलाय." बाबा म्हणतात, "एकाग्रता घालवू नकोस."

परवा लाईट गेली होती तरी तसेच उभे होते.

धागाकर्ती

वाचतेय सगळं. बदलापूरवाले, तो शेवटचा फेकही फाऊलच होता, तुम्ही काही चुकवलं नाहीत. आईला वाचून दाखवलं, तिला मिक्सरवाल्या काकूंचं फार वाईट वाटलं. आणि हो, ते रिकामं सिलिंडर न्यायला तो पाचव्या दिवशी आला. तेव्हा लक्ष्य सेनची बॅडमिंटनमधली ब्राँझची मॅच चालू होती. पहिला गेम जिंकलेला, दुसऱ्यात पुढे. बेल वाजली. आई म्हणाली, "उघडू नकोस."

उघडलं. हरला.