हत्तीचं पिल्लू झालं म्हणून पेढे वाटायचे का?

मांडवीकर: काल फॅमिली ग्रुपवर परदेशातल्या झूमधल्या हत्तीच्या पिल्लाचा व्हिडिओ आला, उठतंय पडतंय परत उठतंय, सासूबाईंनी सकाळपासून दहादा बघितला. मीपण बघितला, खोटं कशाला बोलू. पण मग डोक्यात किडा वळवळायला लागला. 22 महिने पोटात, जन्मतानाच शंभरेक किलो, पुढे साठ वर्षं जगणार आणि ती सगळी त्याच कंपाउंडमध्ये? आपल्या बडोद्याच्या कमाटीबागेतल्या झूत असं पिल्लू झालं तर आनंद मानायचा का? मी तरी मानणार नाही.

रावपुऱ्याची मावशी: अरे बाळंतपण सुखरूप झालं की आनंदच मानायचा, हत्तीण असली म्हणून काय झालं. गुजरातेत रानात हत्ती नाहीतच, मग बडोद्याच्या पोरांनी हत्ती बघायचा कुठे, मोबाईलवर?

वाडीतला वाघ: मावशी, कमाटीबागेचा प्रश्नच मिटलाय. सेंट्रल झू ऑथॉरिटीने (देशातल्या झूंवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) 2009 लाच सांगितलंय की झूमध्ये हत्ती ठेवू नका, हत्तींच्या कॅम्पात हलवा. म्हणजे मांडवीकर भांडतायत ते परदेशातल्या पिल्लासाठी 😄

बाकी झू म्हणजे जेल हे मला पटत नाही. ईईएचव्ही नावाचा विषाणू आहे, लहान पिल्लांना एक-दोन दिवसांत संपवतो, तो लक्षात आला कसा? 1995 ला वॉशिंग्टनच्या झूमधलं कुमारी नावाचं पिल्लू गेलं तेव्हा. आता आपल्या जंगलातली पिल्लंपण त्यानेच मरतात हे कळलंय. झू नसतं तर कुणी तपासलं असतं?

मांडवीकर: वाघसाहेब, तुम्ही माझंच काम सोपं केलंत. अमेरिकेत सिराक्यूजच्या झूत डिसेंबर 2020 मध्ये बाटू आणि अजय ही सख्खी भावंडं याच विषाणूने गेली, चार दिवसांच्या आत दोघं. आणि 2022 ला त्याच आईला, माली तिचं नाव, जुळं झालं तर लोक परत टाळ्या वाजवायला हजर. हत्तिणीच्या मनाचं कोण विचारतंय. जुळ्यांची नावं काय तर याद आणि तुकडा.

रावपुऱ्याची मावशी: तुकडा?? नाव ठेवायला आत्या नव्हती का कुणी!

वाडीतला वाघ: 😂😂 पण मांडवीकर, दोन गेली म्हणून तिसरं होऊच द्यायचं नाही का? आपल्याकडे कुणी बाईला असं म्हणतं का?

मांडवीकर: बाईला ठरवता येतं (यायला हवं तरी). मालीला कुणी विचारलं?

पाणीगेटचा पोट्टा: बडोद्याच्या लोकांनी हत्तीची दया दाखवायची म्हणजे कमाल आहे 🙏 गायकवाडांच्या वेळी अगडात (म्हणजे खेळाच्या आखाड्यात) साठमारी व्हायची, हत्तीला चिडवायचं आणि अंगावर आला की पळायचं, तेव्हा आपलेच पणजोबा ओट्यावर बसून ओरडत असतील. आता हाथीखान्यात गहू-तांदळाचा होलसेल बाजार आहे आणि हत्ती फक्त नावात उरलाय.

मांडवीकर: हो ना, म्हणूनच म्हणतोय, पणजोबांपेक्षा थोडं तरी पुढे जाऊया.

रावपुऱ्याची मावशी: तुम्ही जा पुढे. तो व्हिडिओ आधी मला पाठव.