ब्लॅकवॉटरची दलदल आणि हॅरिएट टबमन: एका दिवसाच्या सहलीचे अनुभव लिहा

आडवाट

मेरीलँडच्या पूर्व किनाऱ्यावर केंब्रिज गावाच्या दक्षिणेला ब्लॅकवॉटर नावाचं वन्यजीव अभयारण्य आहे. 1933 साली स्थलांतरित पाणपक्ष्यांसाठी राखलेली ही पाणथळ जमीन आज 28 हजार एकरांच्या वर गेली आहे. तिला खेटूनच 2017 पासून हॅरिएट टबमन यांचं स्मृतिकेंद्र उभं आहे. वॉशिंग्टन-बाल्टिमोरकडची बरीच मराठी मंडळी सकाळी चेसापीक खाडीवरचा बे ब्रिज ओलांडून जातात, पक्षी बघतात, केंद्र बघतात आणि अंधार पडायच्या आत घरी येतात. कुणी नुसते गरुडांचे फोटो घेऊन येतं, कुणी गप्प होऊन.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच: टबमनबाई 1822 च्या सुमाराला याच डॉर्चेस्टर काउंटीत गुलामगिरीत जन्मल्या. 1849 मध्ये पळून, गुलामगिरी नसलेल्या पेनसिल्व्हेनियात पोचल्या. तिथे सुखानं राहायचं सोडून त्यानंतर सुमारे 13 वेळा परत आल्या आणि सुमारे 70 जणांना सोडवून घेऊन गेल्या.

तुम्ही गेला असाल तर लिहा. काय दिसलं, काय खटकलं, आधी केंद्र केलंत की आधी पक्षी? आणि ती जमीन डोळ्यांनी पाहिल्यावर गोष्ट वेगळी कळली का? तिकिटांची आणि वेळांची माहिती संकेतस्थळावर मिळते, ती नको.

पाणकोंबडी

मी पक्ष्यांसाठी जाते, हे आधीच सांगते. इतिहास माझ्या मागे लागला, मी त्याच्या मागे गेले नव्हते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा तिथला खरा मोसम. वाइल्डलाइफ ड्राइव्ह हा साधारण चार मैलांचा रस्ता पाण्याच्या कडेकडेनं जातो. गाडीतच बसून राहा, काच खाली करा, इंजिन बंद ठेवा. उतरलात की पक्षी उडालेच. पांढरे स्नो गीज हे रानहंस हजारांच्या थव्यानं उतरतात, कॅनडा गीज तर असतातच, टुंड्रा स्वान हे मोठे हंस येतात, आणि वठलेल्या पाइनच्या शेंड्यावर बाल्ड ईगल हा गरुड. एके काळी कीटकनाशकांमुळे अमेरिकेतून संपत आलेला हा पक्षी आज इथे इतक्या सहज दिसतो की नवखी माणसंसुद्धा तासाभरानं ‘तो काय, अजून एक’ म्हणायला लागतात. मार्चनंतर ऑस्प्रे हे मासेखाऊ शिकारी पक्षी येतात, त्यांच्या घरट्यांसाठी पाण्यात खांब रोवून फळ्या ठोकल्या आहेत.

आता इतिहास. केंद्रातले रेंजर सांगतात की टबमनबाई रात्री इशारा द्यायला बार्ड आउल या घुबडाची साद घालत असत. मी ते घुबड तिथल्याच झाडीत ऐकलेलं होतं, त्यामुळे एकदम लक्षात आलं की निवड किती अचूक आहे. हे घुबड तिथलंच, बारमाही, आणि त्याची साद लांबवर ऐकू जाते. हिवाळ्याच्या रात्री ती ऐकून कुठलाही शेतमालक अंथरुणातून उठणार नाही. उन्हाळ्यातल्या पक्ष्याचा आवाज डिसेंबरात काढला असता तर जाणकाराला तेवढ्यावरून संशय आला असता.

आणि हो, टबमनबाईंचा मोसमही हाच. रात्री मोठ्या, लोक घरात, म्हणून त्या बहुतेक वेळा थंडीतच यायच्या. भावांना सोडवलं ते 1854 च्या नाताळात. ज्या दिवसांत मी थर्मास आणि हातमोजे घेऊन हीटर लावलेल्या गाडीत बसते, त्याच दिवसांत त्या माणसांना घेऊन चालत निघायच्या. पेनसिल्व्हेनियाची हद्द तिथून 90 मैलांच्या आसपास.

पाण्यात लव्हाळ्याचे ढीग दिसले तर ती मस्करॅटची घरं. मोठ्या घुशीएवढा, दाट लोकरीचा प्राणी. त्याच्या कातड्याला भाव होता. सहा-सात वर्षांच्या हॅरिएटला दुसऱ्याच्या घरी कामाला दिलं होतं, तिथे गोवर अंगावर असताना तिला थंड पाण्यात उतरून मस्करॅटचे सापळे तपासायला लावत. मी ते ढीग वर्षानुवर्षं दुर्बिणीतून बघत होते, त्यांच्यावर कुठलं बदक बसलंय एवढंच बघायला.

सांगलीकर सून

आमच्याबरोबर सासू-सासरे होते. सासरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त. पक्ष्यांमध्ये त्यांना रस नाही, केंद्रातल्या चित्रफितीत ते पेंगले. पण मॅडिसन गावाजवळ रूट 16 वरून जाताना एका छोट्या पुलावर त्यांनी गाडी थांबवायला लावली.

“हा ओढा नाही,” म्हणाले. “इतका सरळ ओढा नसतो.”

नव्हताच. तो स्टुअर्ट्स कॅनल. 1810 ते 1832 अशी वीसेक वर्षं गुलामांनी आणि काही मुक्त कृष्णवर्णीय मजुरांनी हातानं खणलेला, आतल्या जंगलातलं लाकूड खाडीपर्यंत तरंगत न्यायला. मी फोनवर वाचून दाखवत होते आणि बाबा कठड्यावर वाकून काठ न्याहाळत होते. मग त्यांनी मला समजावलं: दलदलीत खणणं म्हणजे माती उचलणं नव्हे. आज काढलेला गाळ उद्या सकाळी परत आत घसरलेला असतो. पाणी उपसायला यंत्र नाही, म्हणजे कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून फावडं मारायचं. वर डास, खाली जळवा. “आम्ही अंदाजपत्रकात मजुरीचे दिवस धरायचो,” ते म्हणाले, “इथे धरायला कुणाला गरजच नव्हती.”

हॅरिएटचे वडील बेन रॉस लाकूडतोडीचे मुकादम होते आणि पुढे हॅरिएटनंही वडिलांबरोबर जंगलात काम केलं. लाकडाच्या धंद्यात बाल्टिमोरपर्यंत जाणारे-येणारे कृष्णवर्णीय खलाशी भेटायचे. उत्तरेला काय आहे, कुणावर भरवसा ठेवता येतो, या बातम्या त्या पाण्यावरूनच आत यायच्या. केंद्रात हे सगळं छान मांडलंय, पण आम्हाला कळलं ते पुलावर. सासूबाईंनी तेवढ्यात शेंगदाण्याच्या चिक्कीचा डबा काढला, म्हणून थांबा अर्धा तास लांबला.

शाळेच्या डब्याची आई

लहान मुलं असतील तर आधी केंद्र, मग पक्षी. उलट केलंत तर मुलं केंद्रात चुळबुळ करतात. लेक तिसरीत आहे, टबमनबाईंचा धडा शाळेत झालेला, त्यामुळे तीच आम्हाला शिकवत होती.

बकटाउनच्या चौरस्त्यावरचं जुनं दुकान चुकवू नका. आजूबाजूला नुसती शेतं. एक गुलाम मुलगा कामावरून पळाला, मुकादम त्याच्या मागे दुकानात आला, आणि तिथे असलेल्या हॅरिएटला त्याला धरायला मदत कर म्हणाला. तिनं नकार दिला. मुकादमानं तराजूचं दोन पौंडांचं वजन पळणाऱ्यावर फेकलं, ते लागलं तिच्या डोक्याला. त्यानंतर आयुष्यभर बोलता-बोलता, चालता-चालता अचानक झोप लागायची. एवढं घेऊन बाई माणसांना रात्रीची वाट दाखवत होती!

लेकीनं विचारलं, “त्या मुलाचं पुढे काय झालं?” सगळ्या सहलीत हा प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला नाही.

स्पष्टच बोलतो

वातावरण बिघडवायचं नाही, पण मला हे जोडून करणं जमलं नाही. केंद्रातून बाहेर आलो तेव्हा कुणाशी बोलावंसं वाटत नव्हतं, आणि दहा मिनिटांत हातभर लांब लेन्स लावलेल्या लोकांच्या रांगेत उभा होतो. कुणीतरी ‘वॉव’ म्हणालं. गरुडानं मासा उचलला होता. माशाचं काही नाही, पण मला त्या क्षणी तो आनंद नकोसा झाला. अशा जागेला सहल म्हणावं का, हाच प्रश्न आहे. दोन वेगळे दिवस करा, असं माझं मत.

निळी शाई

स्पष्टच, तुमचं म्हणणं पोचलं, तरी मी उलट सांगेन. केंद्राच्या आत पुतळे आहेत, फलक आहेत, सगळं नीटनेटकं. ते बघून मला वाईट वाटलं, पण भीती वाटली नाही. भीती बाहेर वाटली. मी मुद्दाम ड्राइव्ह संपल्यावर पाणथळीच्या कडेच्या पायवाटेनं थोडं आत गेले. दहा पावलांवर दिशा कळेना. सगळीकडे तेच गवत, तेच पाणी, तेच पाइन. केंद्राच्या इमारतींची रचना उत्तरेकडे नजर जाईल अशी केली आहे, हे आत वाचलं होतं. बाहेर त्या चिखलात उत्तर कुठली ते सांगायला कुणी नव्हतं. पक्षी बघणारे आणि इतिहास बघणारे वेगळे काढले तर ही जमीन दोघांनाही अर्धीच दिसते.

आणखी एक, आपल्याकडचं. जोतिराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करण्याच्या कामी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. शाळेत हे एका ओळीत वाचलं होतं. तिथे कालपट बघताना लक्षात आलं की तेव्हा टबमनबाई हयात होत्या, न्यूयॉर्क राज्यात ऑबर्नला भाजीपाला पिकवून, पाहुण्यांना ठेवून घेऊन घर चालवत होत्या. यादवी युद्धात केलेल्या कामाच्या मोबदल्यासाठी सरकारदरबारी त्यांनी वर्षानुवर्षं खेटे घातले. त्या गेल्या 1913 मध्ये. म्हणजे पुण्यात ते पुस्तक छापलं गेलं त्यानंतर चाळीस वर्षांनी.

मांडवीकाठचा

धागा ब्लॅकवॉटरचा आहे, पण आडवाट यांची परवानगी गृहीत धरून दक्षिण कॅरोलायनाचं लिहितो, कारण टबमनबाई तिथेही आहेत.

चार्ल्सटनच्या बाहेर रॅव्हनेलजवळ कॉ कॉ नावाचं काउंटीचं उद्यान आहे. बगळे, बदकं, मगरींचे भाऊबंद असलेले ॲलिगेटर, लाकडी पूल. पक्षीवाल्यांची आवडती जागा. ही सगळी पाणथळ म्हणजे जुनी भातखाचरं आहेत. सायप्रस वृक्षांचं दलदली जंगल तोडून, बांध घालून गुलामांनी केलेली. पश्चिम आफ्रिकेतल्या भातपिकाच्या किनाऱ्यावरून आणलेल्या माणसांना हे शेत कसं राखायचं ते ठाऊक होतं, आणि चार्ल्सटनच्या बाजारात अशा माणसांना मागणी होती. 1739 चं गुलामांचं स्टोनो बंडही याच भागातलं.

बांधात पाणी आत-बाहेर सोडायची लाकडी दारं बघितली आणि मी जागीच थांबलो. मी गोव्यातल्या दिवाडी बेटावरच्या खाजणांच्या, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेल्या शेतांच्या, वाऱ्यावर वाढलेला. भरतीला आपोआप मिटणारं, ओहोटीला उघडणारं दार म्हणजे आमची मानस. तीच युक्ती! फरक असा की आमच्याकडे बांध फुटला तर गाव धावतं, कारण शेत गावाचं असतं. इथे ज्यांनी बांध घातला त्यांना त्या भाताच्या एका दाण्यावर हक्क नव्हता, आणि बांध फुटला तर मध्यरात्री पाण्यात उतरायचं ते त्यांनीच.

अशाच खाचरांतून वाहणाऱ्या कंबाही नदीवर 2 जून 1863 ला टबमनबाई उत्तरेच्या सैन्याच्या बोटी घेऊन आल्या. पाण्यात सुरुंग कुठे पेरलेत याची खबर त्यांच्या हेरांनी काढली होती. त्या एका मोहिमेत 700 हून अधिक माणसं सुटली. ब्लॅकवॉटरच्या चिखलात वाढलेल्या बाईला कॅरोलायनाची दलदल परकी वाटली नसणार, असं मला तरी वाटतं.

दुपारचा चहा

कामाचं तेवढं लिहितो. उन्हाळ्यात जाऊ नका, डास आणि चावऱ्या माश्या गाडीच्या काचेवर आपटतात. खायचं बरोबर न्या किंवा केंब्रिजमध्ये खा. फोनला रेंज जाते-येते, नकाशा आधी उतरवून ठेवा. भरतीचं पाणी कधी-कधी रस्त्यावर येतं. केंब्रिजमध्ये टबमन संग्रहालयाच्या भिंतीवरचं चित्र जरूर बघा: भिंत फोडून बाई हात पुढे करते आहे. पोरं तिचा हात धरून फोटो काढतात.

मातीवाचक

त्या वठलेल्या पाइनबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. पाणकोंबडी ज्यांच्या शेंड्यावर गरुड बघतात ती झाडं खारं पाणी मुळाशी आल्यानं मेली आहेत. समुद्र चढतोय, जमीन खचते आहे. अभयारण्य झाल्यापासून पाच हजारांहून अधिक एकर पाणथळ उघड्या पाण्याखाली गेली.

या गेलेल्या जमिनीच्या बदल्यात अभयारण्यानं 2020 मध्ये आणखी जमीन विकत घेतली. त्याच तुकड्यात बेन रॉस यांचं घर असावं असा कागदपत्रांवरून अंदाज होता. पुरातत्त्वज्ञांनी तिथे शेकडो खड्डे घेतले, चिखलात बूट रुतत होते, आणि बराच काळ हाती काही लागलं नाही. मग 1808 सालचं एक नाणं सापडलं. त्याच वर्षी बेन रॉस आणि हॅरिएटची आई रिट ग्रीन यांचं लग्न झालं असं मानतात. पुढे विटा आणि मातीच्या भांड्यांचे तुकडे मिळाले, आणि एप्रिल 2021 मध्ये घराची जागा सापडल्याचं जाहीर झालं. हॅरिएट तरुणपणी काही काळ तिथेच वडिलांजवळ राहिल्या असाव्यात.

रेंजरला मी विचारलं, तिथे जाता येईल का? नाही म्हणाला, आणि कारणही सांगितलं: वाट नाही, आणि पाणी वर येण्याआधी जे काढायचं ते काढून घ्यायचंय. सांगलीकर सून, पुढच्या वेळी बाबांना सांगा, त्यांनी बघितलेल्या कालव्यासारख्या चरांतूनही खारं पाणी आत शिरतं. त्यांचं यावर काय म्हणणं पडतं ते इथे लिहा.