व्यायामाच्या खोलीत एसी हवा की नको?

मूळ मत: ‘एसीत व्यायाम करून काय उपयोग, घाम निघाला तरच चरबी जळते’ हे डोक्यातून काढा. घामाने काट्यावर घटतं ते पाणी. दोन ग्लास प्यायलं की परत येतं. दम लागणाऱ्या व्यायामाला खोली २० ते २२ अंश आणि आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत हवी. सायकल मारताना खर्च होणाऱ्या ऊर्जेतला पाऊण हिस्सा तरी नुसती उष्णता होते. ती बाहेर टाकायला रक्त त्वचेकडे वळतं आणि वेग तोच असूनही नाडी चढत जाते. गॅलोवे आणि मॉगन यांच्या १९९७ च्या प्रयोगात तीच माणसं थकेपर्यंत सायकल मारत होती: ११ अंशांवर सुमारे ९४ मिनिटं टिकली, ३१ अंशांवर ५२.

प्रतिसाद १: पळणाऱ्यांपुरतं मान्य. पण वजन उचलणाऱ्याने दोन सेटमध्ये तीन मिनिटं एसीच्या झोताखाली बसायचं? स्नायू एक अंश गार झाला तरी झटक्याची ताकद चार-पाच टक्के उतरते. शिवाय स्पर्धा उन्हात असेल तर गारव्यातला सराव तिथे तोकडा पडतो. १० ते १४ दिवस रोज तासभर उकाड्यात काढले की घाम लवकर सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातला द्रव वाढतो.

मूळ मत: स्नायू गार पडू नयेत म्हणून अंगात जॅकेट घाला, सेटआधी हलका सेट मारा. एकट्यासाठी अख्खी खोली कशाला तापवायची?

प्रतिसाद २: दोघंही घाम वाळवणाऱ्या हवेच्या झोताबद्दल बोलतच नाही आहात! एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता नेतो; तोच जमिनीवर टपकला तर काहीच नेत नाही. बंद खोलीत दहा जण जोर मारायला लागले की आर्द्रता चढते, आरशावर वाफ धरते आणि थर्मोस्टॅटवर मात्र २४ च दिसतं. भिंतीवर आर्द्रतामापक लावा, पंखा थेट अंगावर घ्या. पण हवा ३५ अंशांपुढे गेली की ती त्वचेपेक्षा गरम असते, तेव्हा पंख्यावर विसंबू नका.

प्रतिसाद १: पंख्याचं पटलं. उकाड्यातला सराव मात्र मी सोडणार नाही. पहिले चार-पाच दिवस वेग कमी, नाडी नेहमीच्याच मर्यादेत, आणि एकट्याने अजिबात नाही. कुणी असंबद्ध बोलायला लागला, तोल जायला लागला, तर तो उष्माघात धरायचा: रुग्णवाहिका बोलवा, पण ती येईपर्यंत थांबू नका, तिथल्या तिथे मानेपर्यंत गार पाण्यात बसवा आणि डोकं धरून ठेवा.