दुसऱ्याच्या पेन्सिलवर इंकिंगचा सराव: शाई धरत नाही आणि चेहरे दगडी होतात

काजळरेघ

नमस्कार मंडळी. अमेरिकन कॉमिकच्या पेन्सिल पानांवर इंकिंगचा, म्हणजे पेन्सिलच्या चित्रावर शाईने पक्क्या रेघा काढण्याचा, सराव करतो आहे. चित्रकारांनी स्वतः नेटवर टाकलेली पानं उतरवून घ्यायची, फिकट निळ्या रंगात ए३ वर छापायची आणि वरून शाई, अशी पद्धत. छपाई डिजिटल प्रेसमध्ये, ३०० जीएसएम आर्ट कार्डवर. झेब्रा जी निब, सिंथेटिक ० नंबरचा ब्रश आणि कॅमलची वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक.

शाई जागोजागी फुटते, थेंब होऊन बसते. ब्रशची लांब रेघ निम्म्यात सुकते. आणि पेन्सिलीत जिवंत वाटणारा चेहरा शाईत दगडी होतो, रेघ पेन्सिलीवरूनच गेलेली असली तरी. कागद, कामाचा क्रम, रेषेची जाडी, याबद्दल नेमकं सांगाल का? शिवाय अशी पानं इंक करून दाखवलेली चालतात का?

टाकदौत

शाई फुटण्याचा दोष कागदाचा आहे. आर्ट कार्डला छपाईसाठी लेप दिलेला असतो, तो पाणी शोषत नाही. त्यावर टोनर, म्हणजे वितळवून चिकटवलेली प्लास्टिकची पूड. टाकाची शाई दोन्हींवर घसरणारच. लेप नसलेलं स्मूद ब्रिस्टल (चित्रकलेचा गुळगुळीत जाड कागद) घ्या, २५० ते २७० जीएसएमचं. खडबडीत पोताचा कागद टाळा, निबचं टोक तंतूंत अडकून शिंतोडे उडतात. नुसता हात बसवायचा असेल तर ड्रॉइंगचा जाडसर कार्ट्रिज पेपरही पुरतो, फक्त काळे भाग भरताना तो थोडा फुगतो.

छपाई ए३ इंकजेटवर करून घ्या आणि प्रिंटरची शाई पिगमेंटची आहे का हे आधी विचारा. डायची असेल तर वरची ओली शाई लागताच निळा रंग विरघळून पसरतो. ओला कापसाचा बोळा एका कोपऱ्यावर फिरवून बघितला की लगेच कळतं.

निळा किती फिकट ठेवायचा? फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये पान आधी ग्रेस्केल (करडं) करा, लेव्हल्समध्ये कागद पूर्ण पांढरा करा, मग वर आरजीबी १६५, २१५, २५५ अशा रंगाचा थर ठेवून ब्लेंडिंग मोड ‘स्क्रीन’ करा. काळ्याचा निळा होतो, पांढरा पांढराच राहतो. यापेक्षा गडद निळ्यावर काम केलं तर आपल्या रेषेचं वजन डोळ्याला कळत नाही, पान भरल्यासारखं वाटतं आणि स्कॅन केल्यावर पोकळ निघतं.

आता माप. अमेरिकन पानाचा बोर्ड ११ × १७ इंच आणि चित्राची जागा साधारण १० × १५ इंच. ए३ कागद ११.७ × १६.५ इंच असल्यामुळे चित्र मूळ मापात बसतं, आणि सराव त्याच मापात करावा. ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) त्यासाठी ३००० × ४५०० पिक्सेलची फाइल लागते. नेटवरची फाइल १२०० पिक्सेल रुंदीची असेल तर डोळे, बोटं, कपड्यांच्या शिवणी सगळं धूसर असतं आणि तुम्ही अंदाजाने शाई मारता. अशा वेळी पूर्ण पान छापू नका. मोठी फाइल मिळेल असं पान शोधा.

छापण्याऐवजी लाइटबॉक्स (खालून उजेड देणारी पेटी) वापरायचा असेल तर २७० जीएसएममधून काही दिसणार नाही. १०० ते १२० जीएसएमचा कागद घ्या. गेटवे ट्रेसिंग पेपरवर टाक छान चालतो, पण ते शाई पीत नाही, त्यामुळे सुकायला वेळ लागतो आणि ब्रशने काळं भरलं की लाटा येतात.

उजेडबाजू

वर कागदाचं आलं आहे, मी चेहऱ्याचं आणि हत्यारांचं सांगते.

पेन्सिलीत करडी छटा असते. चित्रकार एका गालासाठी तीन-चार हलक्या रेघा मारून ठेवतो आणि बघणाऱ्याचा डोळा त्यातली हवी ती उचलतो. शाईत एक तर काळं, नाही तर पांढरं. म्हणून प्रत्येक रेघेपाशी इंकरला ठरवावं लागतं की ही वस्तूची कड आहे, सावलीची हद्द आहे की नुसता पोत आहे. तुम्ही तिन्हींना एकाच जाडीची रेघ देत असणार, चेहरा तिथेच दगडी होतो.

चेहऱ्यापुरतं बोलायचं तर वरची पापणी जाड, बाहेरच्या कोपऱ्याकडे आणखी जाड. खालची पापणी बारीक, मधे तुटलेली. नाकाची उजेडाकडची बाजू काढूच नका. नाकपुडी आणि नाकाखालची सावली पुरते. ओठांच्या भोवती कड नको. दोन ओठांमधली रेघ जाड-बारीक होत जाऊ द्या आणि खालच्या ओठाखाली एक छोटी सावली. हनुवटीची रेघ गळ्याच्या सावलीकडे जाड, गालाकडे येताना बारीक. बाईच्या किंवा लहान मुलाच्या चेहऱ्यावर गालाची एक जादा रेघ दहा वर्षं वय वाढवते. दोन्ही डोळे एका बैठकीत लागोपाठ करा, नाही तर नजर फाकते. केसांत एकेक केस काढायचा नाही: आधी सावलीचा आकार काळा भरायचा, मग मुळाकडून आणि टोकाकडून फटकारे मारत यायचं आणि मधे चमकेचा पट्टा कोरा सोडायचा.

बाकी पानाला साधा नियम. जवळचं जाड, लांबचं बारीक. उजेडाकडे बारीक, सावलीकडे जाड. एक आकार दुसऱ्याच्या मागे जातो तिथे मागची रेघ पुढच्या रेघेला चिकटू देऊ नका, केसभर आधी थांबवा, पुढची वस्तू आपोआप पुढे येते. पेन्सिलीत एखाद्या भागावर बारीक फुली दिसली तर तो भाग पूर्ण काळा भरायचा, ही चित्रकाराची सूचना असते. ती रेखाटू नका, मी सरावाच्या पानांवर फुल्या शाईत आलेल्या पाहिल्या आहेत.

क्रम: आधी चौकटी. पट्टीखाली दोन जागी नाणं चिकटवा म्हणजे कड कागदापासून उचललेली राहते आणि शाई खाली ओढली जात नाही. मग एखादी दुय्यम चौकट, हात मोकळा होईपर्यंत. मग पुढच्या आकृत्यांच्या कडा, चेहरे, मागचा देखावा बारीक निबने, मोठे काळे भाग आणि शेवटी पोत. पोत आधी केलात तर काळं भरल्यावर निम्मा वाया जातो.

ब्रश ० नंबरचा आहे म्हणूनच सुकतो. त्याच्या पोटात शाई मावत नाही. कोलिन्स्की सेबलचा (प्राण्याच्या केसांचा) २ किंवा ३ नंबर घ्या: टोक ० इतकंच बारीक येतं आणि पोट मोठं असतं. महाग आहे, पण सिंथेटिकचं टोक काही दिवसांत आकड्यासारखं वळतं. धातूच्या नळीपर्यंत कधीच बुडवू नका. वॉटरप्रूफ शाईतलं शेलॅक (लाख) नळीत सुकलं की केस फाकतात आणि ब्रश संपला.

नव्या निबवर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर असतो. भांडी घासायच्या साबणाने धुऊन पुसा, नाही तर शाई निबवरच थेंब धरते. मधल्या भोकाच्या निम्म्यापर्यंतच बुडवा. दाब फक्त रेघ स्वतःकडे ओढताना. पुढे ढकलताना दाब दिला की टोकं कागदात रुततात आणि शिंतोडा उडतो. म्हणून हात वळवण्याऐवजी कागद फिरवा. दर दहा-पंधरा मिनिटांनी निब पाण्यात धुवा. शाई घट्ट झाली तर थेंब-थेंब डिस्टिल्ड वॉटर घाला, नळाचं नको.

आणि एकच पान किमान तीनदा करा: फक्त टाकाने, फक्त ब्रशने, मग दोन्हींनी. अमेरिकन कॉमिक चित्रकार जॅक कर्बीच्या पेन्सिलींवरचं वेगवेगळ्या इंकरांचं काम शेजारी ठेवून बघा. जो सिनॉटने (१९६५ पासून ‘फॅन्टॅस्टिक फोर’वर) रेषा घोटून चकचकीत केल्या, माइक रॉयर पेन्सिलीला अगदी धरून राहिला आणि विन्स कॉलेटाने बारीक निबच्या रेघोट्यांनी ते मऊ केलं, मागची माणसं-इमारतीही पुष्कळदा गाळल्या. कर्बी तोच, पण पानं तिघांची वेगळी. कॉलेटाचं गाळणं मला पटत नाही. सरावात तर चित्रकाराने काढलेली प्रत्येक खिडकी शाईत यायलाच हवी.

चौकटराजा

थोडं दुरुस्ती आणि स्कॅनबद्दल. साधं करेक्शन फ्लुइड नको, त्याचा उंचवटा होतो आणि वरून शाई मारली की फुटते. पांढरा ॲक्रिलिक किंवा गुआश (अपारदर्शक जलरंग) पातळ करून दोन हात द्या. डोळ्यातली चमक, केसातली रेघ यासाठी पांढरा जेल पेन. मोठी चूक असेल तर तेवढा तुकडा कापून काढा आणि त्याच कागदाचा नवा तुकडा मागून टेपने बसवा.

स्कॅन ६०० डीपीआयला, रंगीत. ए४ स्कॅनरवर दोन भागांत, मधे थोडा भाग दोन्हींत येईल असा. जोडल्यावर फक्त ब्लू चॅनल ठेवा: निळी छपाई तिथे जवळजवळ पांढरी असते, शाई काळीच राहते. मग थ्रेशोल्ड (काळं-पांढरं वेगळं करणारी हद्द) १२८ च्या आसपास, बारीक रेषा तुटल्या तर थोडा वर. साठवताना टिफ, जेपेगमध्ये रेषेभोवती कचरा येतो.

छापील कॉमिक ६⅝ × १०¼ इंचाचं असतं, म्हणजे पान साधारण ६७ टक्क्यांवर येतं. तेवढं लहान करून प्रिंट काढा. ०.३ मिमी अंतराच्या रेघोट्या तिथे ०.२ वर येतात आणि अंतर त्याहून कमी असेल तर बुजून काळा डाग होतो. स्क्रीनवर झूम करून हे कळत नाही.

दाखवण्याबद्दल: घरच्या सरावाला कोणाची हरकत नसते. नेटवर टाकायचं तर चित्रकाराला विचारा, पेन्सिल कोणाची ते आधी लिहा, सही पुसू नका, विकू तर नकाच. मूळ पेन्सिलचं चित्र शेजारी ठेवा. इंकरचं काम तपासणारा संपादकही तीच जोडी मागतो, कारण पेन्सिल बघितल्याशिवाय इंकरने काय केलं ते कळत नाही.

काजळरेघ

खूप आभार. ब्रिस्टल आणि २ नंबरचा ब्रश घेतो. एक शंका: मुंबईत पावसाळ्यात चांगल्या कागदावरही रेघेला बारीक मुळं फुटतात, ते कशाने?

टाकदौत

कागद दमट झाला की त्याचं सायझिंग, म्हणजे शाई अडवणारा आतला थर, ढिला पडतो आणि शाई तंतूंतून पसरते. पॅड प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि कामापुरताच कागद बाहेर काढा. हाताखाली कोरा कागद घ्या, घामाच्या डागावर शाई फुटते. काळे मोठे भाग पावसाळ्यात रात्रभर सुकू द्या. वरून कोरडे वाटले तरी आतून ओले असतात आणि स्कॅनरच्या काचेला चिकटतात.