परदेशात लॅपटॉप चार्ज करण्यासाठी कन्व्हर्टर न्यावा का?

प्रश्न: कामानिमित्त आधी जपान आणि तिथूनच पुढे जर्मनी असा प्रवास ठरला आहे. दोन्हीकडचा वीजदाब आणि सॉकेट वेगळे असल्यामुळे लॅपटॉपसाठी व्होल्टेज कन्व्हर्टर घ्यावा, की साधा प्लग अ‍ॅडॉप्टर पुरेल?

प्रतिसाद १: चार्जरवरचा बारीक मजकूर आधी वाचावा. तिथे ‘इनपुट १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असे छापलेले असेल, तर जपानमधले १०० आणि जर्मनीतले २३० व्होल्ट हे दोन्ही दाब तो चार्जर स्वतःच सांभाळून घेतो. कन्व्हर्टरचे ओझे वागवण्याचे कारण उरत नाही.

प्रतिसाद २: सहमत आहे, मात्र प्लग अ‍ॅडॉप्टर फक्त पिनांचा आकार जुळवतो, दाब बदलत नाही, त्यामुळे एकाच दाबावर चालणारे हेअर ड्रायरसारखे उपकरण त्याला जोडणे धोक्याचे आहे. चार्जर तीन पिनांचा असल्यास जर्मनीसाठी अर्थिंगचाच अ‍ॅडॉप्टर घ्यावा. तिथल्या सॉकेटमध्ये अर्थिंगच्या पट्ट्या कडेला असतात, आणि अर्थिंग जुळले नाही तर लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लागताच कधीकधी झिणझिण्या येतात. जपानमध्ये दोन चपट्या पिनांची, अर्थिंग नसलेली सॉकेट सर्रास आढळतात.

प्रश्नकर्ता: चार्जरवर १००–२४० हेच आकडे आहेत. मनापासून आभार.

प्रतिसाद ३: अ‍ॅडॉप्टर सॉकेटमध्ये सैल बसत असेल किंवा हाताला चटका बसण्याइतका तापत असेल, तर तो वापरू नये.