शब्दचर्चा : तंबूर, मकाम आणि दफ

प्रश्न : इराणमधील कुर्दी संगीताविषयीच्या लेखनात ‘तंबूर’ हा शब्द वारंवार येतो. मराठीत त्यासाठी ‘तंबोरा’ लिहिणे योग्य ठरेल का?

उत्तर : माझ्या मते ठरणार नाही. दोन्ही शब्दांचे नाते आहे, हे खरे. ‘तंबोरा’ तुंबरू गंधर्वाच्या नावावरून आला, असे आपल्याकडे सांगितले जाते; परंतु दहाव्या शतकातील तत्त्वज्ञ आणि संगीतशास्त्रकार अल-फाराबीने बगदादच्या आणि खुरासानच्या तंबुराचे वर्णन केलेले असल्यामुळे शब्द फारसीमार्गे आपल्याकडे आला, हे मत मला अधिक सयुक्तिक वाटते. वाद्ये मात्र निराळी आहेत. आपला तंबोरा गायकाला आधारस्वर देतो आणि त्याच्या दांडीवर पडदे नसतात. पश्चिम इराणमधील केरमानशाह परिसरातील कुर्दी तंबूर तुतीच्या लाकडाचा असतो, त्याच्या लांब दांडीवर 14 पडदे बांधलेले असतात आणि त्यावर संपूर्ण धून वाजते. वादक नखी वापरत नाही. उजव्या हाताची बोटे एकामागून एक तारांवरून इतक्या सलगपणे उलगडत जातात की सुटे आघात ऐकूच येत नाहीत.

या वाद्याला सरसकट ‘सूफी वाद्य’ म्हणणेही टाळावे, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. यारसान, म्हणजेच अहले-हक्क, या धर्मसमुदायाचे ते पवित्र वाद्य आहे. ‘जम’ या धार्मिक बैठकीत मंडळी गोलाकार बसतात, कलामख्वान तंबूर वाजवत पवित्र पदे म्हणतो आणि बाकीचे त्याला साथ देतात. वादनापूर्वी तंबुराचे चुंबन घेण्याची रीत आहे. यारसानांचा सूफी विचारांशी जवळचा संबंध असला, तरी त्यांची स्वतंत्र श्रद्धा, त्यांचे गुरानी भाषेतील कलाम, म्हणजे पवित्र पदे, आणि त्यांनी सोसलेली उपेक्षा या एका विशेषणाखाली झाकली जाते. इराणी गायक शहराम नाझरी यांनी कैखुस्रो पूरनाझरी यांच्या तंबूरवादकांच्या साथीने रूमीच्या रचना गायल्या, तेव्हा हा आवाज जमखान्याबाहेरच्या मोठ्या श्रोतृवर्गापर्यंत पोहोचला आणि ‘सूफी’ हे विशेषण त्याला अधिकच चिकटले.

प्रश्न : मग तंबुरावरील ‘मकाम’ म्हणजे राग समजावा का?

उत्तर : तसे समजू नये. ‘मकाम’ आणि आपला ‘मुक्काम’ यांचे मूळ एकच अरबी धातू आहे, ज्याचा अर्थ उभे राहणे. सूफी परिभाषेत साधकाने प्रयत्नाने गाठलेली पायरी म्हणजे ‘मकाम’, तर ईश्वरकृपेने लाभणारी आणि ओसरणारी अवस्था म्हणजे ‘हाल’. अरबी संगीतात मकाम म्हणजे स्वरांची चौकट असल्यामुळे तेथे रागाशी तुलना काहीशी शोभते. कुर्दी तंबुराच्या संदर्भात मात्र मकाम म्हणजे गुरूकडून शिष्याकडे आलेली, स्वतःचे नाव असलेली विशिष्ट धून. इराणी अभिजात संगीताविषयी लिहायचे असेल, तर ‘मकाम’ऐवजी तेथे रूढ असलेला ‘दस्तगाह’ (धुनींचा स्वराधिष्ठित संच) हा शब्द वापरावा.

‘दफ’ आणि ‘डफ’ यांबाबतही हीच काळजी घ्यावी. शाहिराचा डफ नावाने दफाचा नातेवाईक आहे; परंतु इराणच्या कुर्दी भागातील सनंदज शहरात कादिरी या सूफी पंथाच्या दर्विशांच्या खानकाहांत (मठांत) जिक्राच्या, म्हणजे ईश्वरस्मरणाच्या, वेळी वाजणाऱ्या दफाच्या चौकटीला आतून धातूच्या कड्या लावलेल्या असतात, आणि चामड्यावरील थापेसोबत त्यांचा झणकारही लयीचा भाग असतो. म्हणून मराठी लेखनात ‘दफ’ असेच रूप ठेवावे आणि पहिल्या उल्लेखात कड्यांचा खुलासा करावा.