मदत हवी आहे: मिलानच्या ग्रँड हॉटेल ए द मिलानचा जुना इतिहास

नमस्कार मंडळी. दिवाळी अंकासाठी या हॉटेलवर लेख लिहितोय. हॉटेल उघडलं 1863 मध्ये, म्हणजे इटली एक होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. वास्तुविशारद आंद्रेआ पिझ्झाला. आतच टपाल आणि तारेची सोय, त्यामुळे व्यापारी आणि राजदूत इथंच उतरायचे. ला स्काला हे ऑपेराचं थिएटर तर चालत पाच मिनिटांवर!

इटालियन ऑपेरा संगीतकार वेर्दी इथं वर्षानुवर्षं राहायचा. 1887 मध्ये त्याच्या 'ओतेल्लो' ऑपेराच्या पहिल्या प्रयोगानंतर लोकांनी हॉटेलखाली तुडुंब गर्दी केली होती. जानेवारी 1901 मध्ये तो इथंच शेवटच्या आजारात पडून होता, तेव्हा घोडागाड्यांच्या खडखडाटाचा त्रास होऊ नये म्हणून खालच्या रस्त्यावर पेंढा अंथरला होता. वेर्दीवर भरपूर मिळतं, पण मला हवंय ते त्याच्या आधीचं: पहिल्या दहा वर्षांतलं खोलीभाडं, जेवणाचे बेत, नोकरवर्ग. कंटाळवाणं वाटेल, पण खरी गंमत त्यातच असते.

मिलानमध्ये कुणी मराठी मंडळी आहेत का? तिथल्या अभिलेखागारात बाहेरच्या माणसाला जुने कागद पाहायला देतात का, अर्ज इटालियनमध्येच करावा लागतो का? त्या काळातल्या प्रवासी मार्गदर्शिकांची स्कॅन केलेली पानं कुणाकडे असतील तर तीही चालतील.